बेवारस पॅकेजचं दत्तकविधान

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत सेक्रेटरी कोण होणार हा विषय निघाला, की सगळे चहाच्या कपात बघायला लागतात. परवा हे सांगितल्यावर हिंजवडीत नोकरी करणारा भाचा म्हणाला, "मामा, ओपन सोर्सचं, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेल्या सॉफ्टवेअरचं, तसं नसतं. तिथे हजारो लोक सांभाळायला असतात."

त्याच्या लॅपटॉपवर डेबियन आहे, म्हणजे स्वयंसेवकांनी चालवलेली, लिनक्सवर आधारित ऑपरेटिंग सिस्टीम. मी 'डब्ल्यूएनपीपी-अलर्ट' चालवायला सांगितलं. ही आज्ञा तुमच्या मशीनवरची पॅकेजेस (बसवायला तयार बांधलेले प्रोग्राम) आणि मदत हवी असलेल्यांची यादी ताडून बघते. भराभर ओळी उतरल्या. काहींच्या सुरुवातीला 'ओ' हे अक्षर, म्हणजे ऑर्फन. अनाथ. भाचा त्यातला एक प्रोग्राम रोज वापरतो.

इथे मेंटेनर म्हणजे मूळ लेखकच असं नाही. दुसऱ्याने लिहिलेला प्रोग्राम डेबियनमध्ये नीट बसवणारा आणि बसलेला ठेवणारा तो मेंटेनर, तोही बहुतेक वेळा हौसेने. नोकरी बदलते, मूल होतं, कंटाळा येतो. प्रोग्राम आहे तिथेच राहतो, पण भोवतालचे कंपायलर आणि लायब्ररी पुढे सरकतात आणि एक दिवस तो बिल्डच होत नाही, म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्राम तयारच होत नाही.

यावरची डेबियनची पद्धत मला फार आवडते. सोडून जाणारा 'डब्ल्यूएनपीपी' नावाच्या काल्पनिक पॅकेजवर बग, म्हणजे अडचणीची नोंद, नोंदवतो. बगचं शीर्षक 'ओ'ने सुरू होतं. मेंटेनरच्या रकान्यात क्यूए (गुणवत्ता सांभाळणाऱ्या) गटाचं नाव लागतं. हा गट तात्पुरता पालक, अगदी अडलेलं तेवढं बघतो. दत्तक घेणारा 'ओ' खोडून 'आयटीए' लिहितो, म्हणजे दत्तक घेण्याचा इरादा, आणि बग स्वतःच्या नावावर करतो, म्हणजे दोघं एकाच कामाला लागत नाहीत. मग नव्या आवृत्तीच्या चेंजलॉगमध्ये, म्हणजे बदलांच्या नोंदीत, त्या बगचा क्रमांक टाकतो. पॅकेज स्वीकारलं गेलं की बग आपोआप बंद. अपलोडचा हक्क नसेल, तर एखादा डेबियन डेव्हलपर काम तपासून स्वतःच्या डिजिटल किल्लीने सही करतो.

आणि मेंटेनर न सांगताच गायब झाला तर? पॅकेज ताब्यात घेण्याचा इरादा जाहीर करून २१ दिवस वाट बघायची. हरकत आली नाही तर अपलोड करायचं, तेही निदान ७ दिवसांच्या विलंबाच्या रांगेत.

एवढी दिरंगाई कशाला, असं वाटेल. २०१८ साली 'इव्हेंट-स्ट्रीम' या जावास्क्रिप्ट लायब्ररीच्या लेखकाने मदतीला आलेल्या अनोळखी माणसाच्या हाती चाव्या दिल्या. त्याने बिटकॉइन चोरणारा कोड घुसवला. 'एक्सझेड' या फाइली दाबून लहान करणाऱ्या प्रोग्रामची गोष्ट अधिक वाईट. एकटा, थकलेला मेंटेनर आणि 'जिया तान' या नावाने दोन वर्षांहून जास्त काळ चोख काम करणारा मदतनीस. ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये चोरदरवाजा निघाला. तोही सापडला कसा, तर एसएसएच लॉगिनला (दूरच्या मशीनमध्ये शिरायला) अर्धा सेकंद जास्त लागतोय हे आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला खटकलं म्हणून, मार्च २०२४ मध्ये. खरं सांगायचं तर डेबियनच्या नियमांनी हे अडलं नसतं. गडबड मूळ प्रकल्पातच होती. "हजारो डोळे बघतात" ही निव्वळ श्रद्धा आहे. "आता एआय सांभाळेल" ही तिची धाकटी बहीण. सही कुणाच्या किल्लीने करायची, ते दोघी सांगत नाहीत.

भाचा तो बग उघडून बराच वेळ बसला. शेवटी म्हणाला, "आधी एका छोट्या दुरुस्तीचा पॅच पाठवून बघतो." शीर्षकात अजून 'ओ'च आहे.