काजळीवरून वाचलेलं शेतघर

नाव ऐकून कोर्टातला बेलीफ आठवेल, पण बे-लीफ हे इंग्लंडमधलं एक जुनं शेतघर आहे. आज ते ससेक्समधल्या सिंगलटन गावी वील्ड अँड डाउनलँड संग्रहालयात दिसतं. मूळचं मात्र ते केंट परगण्यातल्या चिडिंगस्टोनचं. तिथे बाउ बीचचा जलाशय व्हायचा होता, म्हणून १९६८-६९मध्ये घर सुटं केलं गेलं आणि १९७२मध्ये इथे पुन्हा उभं राहिलं. हे शक्य झालं, कारण घराचा सांगाडा सगळा ओकच्या लाकडाचा. एका लाकडाची कूस (निमुळतं टोक) दुसऱ्याच्या वेधात (खाचेत) बसवून लाकडी खुंट्या ठोकलेल्या, त्यामुळे सांधा सोडवता येतो. सांगाड्याच्या खांबांमधल्या भिंती कुडाच्या: काठ्या विणायच्या आणि वर माती, गवत, शेण लिंपायचं. कोकणात कारवीचा कूड पाहिलेल्याला हे वेगळं सांगायला नको.

लाकडाच्या वार्षिक वलयांवरून मधला दालनाचा भाग साधारण १४०५ ते १४३०मधला ठरतो, तर मालकाच्या खोल्यांचं टोक १५०५-१०च्या सुमाराचं. दोन्ही टोकांना माडी, ती खालच्या भिंतीपेक्षा थोडी पुढे आलेली. मधलं दालन मात्र जमिनीपासून छपरापर्यंत मोकळं. छप्पर एकच सलग असल्याने मधली भिंत आत गेल्यासारखी वाटते आणि तिथे छपराच्या पुढे आलेल्या कडेचा भार वाकड्या तिरक्या आधारांवर पडतो. केंट-ससेक्समधल्या वील्ड या भागावरून अशा घरांना 'वील्डन' म्हणतात. एका टोकाला कोठीच्या दोन खोल्या. त्यातली 'बटरी' म्हणजे लोण्याची खोली नव्हे, पिंपांची.

दालन मोकळं का, तर चूल मधोमध जमिनीवर आणि धुराडं नाहीच. धूर वर चढायचा, छपरात कोंडायचा आणि सापडेल त्या फटीतून बाहेर पडायचा. माळा टाकला असता तर खाली बसणं मुश्कील. पुढे विटांची धुराडी आली तशी अशी दालनं मधे माळा घालून दुमजली झाली, बे-लीफही झालं. तरी जुने वासे काजळीने काळे ते काळेच. बाहेरून कितीही बदललेलं घर असो, जाणकार आधी माळ्यावर चढून वासे पाहतात, ते याचसाठी.

संग्रहालयाने नंतरचा माळा आणि धुराडं पुन्हा बांधलं नाही. घर १५४०च्या सुमाराला जसं असेल तसं मांडलं. त्यामुळे पुढच्या चारशे वर्षांत इथे राहिलेल्यांच्या खुणा पुसल्या गेल्या, हे खटकतं. पण धुराडं ठेवलं असतं, तर त्या काळ्या वाशांखाली पेटलेली चूल दिसली नसती.