ऑनलाइन जुगार कंपन्यांचे शेअर

पोकर, रम्मी, कॅसिनो किंवा मॅचवरचा सट्टा ॲपवर चालवणाऱ्या ज्या कंपन्या शेअर बाजारात लिस्ट आहेत, त्यांच्यात पैसे लावणं म्हणजे ही गुंतवणूक. यात आपण पत्ते हातात घेत नाही, अड्डेवाल्याचे भागीदार होतो. टेबलावर कोणीही जिंको, अड्डेवाल्याचा कट ठरलेला, त्यामुळे धंदा ऐकायला एकदम सेफ वाटतो, पण शेअरवाल्याला फटका बसतो तो कायद्याच्या एखाद्या कलमातून, तोही बहुतेक वेळा रातोरात.

याचं सगळ्यात मोठं जुनं उदाहरण म्हणजे जिब्राल्टरची पार्टीगेमिंग. तिचं पोकरचं सॉफ्टवेअर आयआयटी दिल्लीत शिकलेल्या अनुराग दीक्षित यांनी लिहिलेलं. कंपनी जून 2005 मध्ये लंडनला लिस्ट झाली आणि काही महिन्यांतच फूट्सी 100 मध्ये, म्हणजे लंडन बाजारातल्या सगळ्यात मोठ्या शंभर कंपन्यांच्या यादीत, जाऊन बसली, पण बहुतेक कमाई अमेरिकन खेळाडूंची होती. सप्टेंबर 2006 च्या शेवटी अमेरिकन काँग्रेसने बंदरांच्या सुरक्षेच्या बिलात, हो बंदरांच्याच, जुगार साइट्सचं पेमेंट अडवणारी तरतूद जोडून पास केली, आणि 2 ऑक्टोबरला शेअर एका दिवसात निम्म्याच्या खाली आला. दीक्षित यांनी पुढे 2008 मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टात गुन्हा कबूल करून 30 कोटी डॉलर भरायचं मान्य केलं. नंतर मे 2018 मध्ये अमेरिकन सुप्रीम कोर्टाने राज्यांना खेळांवरच्या सट्ट्याची परवानगी द्यायची मुभा दिली आणि ड्राफ्टकिंग्ज, फ्लटर या सट्टा कंपन्यांचे दिवस आले, म्हणजे वर नेलं तेही कायद्यानेच.

आपल्याकडे लिस्टेड पर्याय मोजकेच. ड्रीम11 कधी बाजारात आलीच नाही, मग लोकांनी डेल्टा कॉर्प आणि गेमिंग कंपनी नझारा यांचे शेअर घेतले. खरं तर डेल्टाचा मुख्य धंदा पणजीला मांडवीत उभ्या असलेल्या कॅसिनो जहाजांचा, ऑनलाइन बाजू अड्डा52 या पोकर साइटपुरती होती. मार्च 2021 च्या आयपीओत 1,101 रुपयांना आलेल्या नझाराने पोकरबाझी हे पोकर ॲप चालवणाऱ्या मूनशाइनमध्ये नंतर मोठा हिस्सा घेतला. दोन्ही कंपन्यांत बडे गुंतवणूकदार राकेश झुनझुनवाला यांचे पैसे होते, एवढ्यावर कित्येकांनी डोळे झाकून खरेदी केली!

पहिला दणका जुलै 2023 चा. जीएसटी कौन्सिलने ऑनलाइन खेळात भरलेल्या पूर्ण रकमेवर 28 टक्के कर ठरवला. आधी ऑनलाइन कंपन्या आपल्या कमिशनवर 18 टक्के भरायच्या, म्हणजे 100 रुपयांच्या खेळात कमिशन 10 रुपये धरलं तर कर 1 रुपया 80 पैसे, तोच मग 28 रुपये झाला, कमिशनच्या जवळपास तिप्पट, आता यात धंदा कसा करणार ते तुम्हीच सांगा. वर मागच्या वर्षांच्या नोटिसा. सप्टेंबर 2023 मध्ये एकट्या डेल्टा कॉर्पला 11,139 कोटींची नोटीस आली, कंपनीच्या अख्ख्या मार्केट कॅपच्या (सगळ्या शेअरच्या बाजारभावाच्या) दुपटीहून जास्त, आणि सोमवारी बाजार उघडल्यावर शेअर सुमारे 20 टक्के पडला. ज्यांनी जुलैच्या पडझडीत 'स्वस्तात मिळतोय' म्हणून आणखी शेअर घेऊन ॲव्हरेज केलं होतं ते परत अडकले.

दुसरा दणका ऑगस्ट 2025 चा. ऑनलाइन गेमिंग बिल 20 तारखेला लोकसभेत, 21 ला राज्यसभेत पास, 22 ला राष्ट्रपतींची सही, संपलं. पैशाचा खेळ कौशल्याचा असो की नशिबाचा, ऑनलाइन असेल तर बंद, आणि त्याची जाहिरात व बँक व्यवहारसुद्धा. त्याआधीचा 'रम्मी हा कौशल्याचा खेळ' हा कोर्टातला जुना बचाव या कायद्याने बाजूलाच सारला. नझारा पहिल्याच दिवशी 10 टक्क्यांहून जास्त घसरला, जरी कंपनी सांगत होती की मूनशाइनची कमाई आमच्या रेव्हेन्यूत धरलेलीच नाही. राकेश यांच्या पत्नी रेखा झुनझुनवाला यांनी नझारातला आपला हिस्सा जूनमध्येच विकला होता, त्यावर मग भरपूर चर्चा रंगली. प्रत्यक्ष कॅसिनोंवर बंदी नाही, पण 22 सप्टेंबर 2025 पासून तिथला जीएसटी 28 वरून 40 टक्के झाला, त्यामुळे डेल्टावाले सुटले असं म्हणता येत नाही.

परदेशी शेअर घ्यायचे तर रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेत माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात. पण फ्लटरचीही भारतात जंगली रम्मी होतीच, बिल आल्यावर तिचे पैशाचे खेळ त्यांनी बंद केले. फक्त त्यांच्या पाठीशी अमेरिकेतली त्यांची सट्टा कंपनी फॅनड्युएल आहे, नझाराच्या मूनशाइनला तसं दुसरं काही नव्हतं.