जुन्या हवानाचे चार चौक आणि त्यांच्यामागच्या गल्ल्या: पार्श्वभूमी

क्युबाची राजधानी हवाना पाहून आलेल्यांच्या वर्णनात एक विसंगती हमखास येते. आर्मास, कॅथेड्रल, सान फ्रान्सिस्को आणि व्हिएहा हे चार चौक रंगवून चकाचक, तर थोडे दक्षिणेकडे गेले की सज्जे लाकडी टेकूंवर तोललेले. या पडझडीचे खापर एकतर सरकारवर फुटते, नाहीतर अमेरिकी निर्बंधांवर. प्रत्यक्षात ती त्याहून जुनी आहे.

1519 पासूनचे स्पॅनिश बंदर, खजिन्याची गलबते, 1762 मधला इंग्रजांचा ताबा हे सर्वांना ठाऊक असतेच. इथे महत्त्वाचे साल 1863. शहराभोवतीची तटबंदी पाडायला सुरुवात झाली, श्रीमंत कुटुंबे हळूहळू पश्चिमेला सरकली आणि त्यांच्या वाड्यांत खोलीखोलीने भाडेकरू आले. म्हणजे 1959 च्या क्रांतीच्या कितीतरी आधी एका अंगणाभोवती अनेक बिऱ्हाडे नांदत होती. 1960 च्या कायद्याने भाडेकरूंना घरावर हक्क मिळाला, बेघर होण्याची भीती गेली. पण गच्ची, जिना आणि सांडपाण्याचे नळ यांना वाली उरला नाही. घरांच्या खरेदी-विक्रीवर 2011 पर्यंत बंदी होती, त्यामुळे कुटुंब वाढले की आहे त्याच खोलीत वर सरकायचे.

चार-पाच मीटर उंच छताच्या खोलीत पोटमाळा घालतात. त्याला तिथे 'बार्बाकोआ' म्हणतात. आधी लाकडी, पुढे काँक्रीटचा. मग वर न्हाणीघर आणि गच्चीवर पाण्याची टाकी, कारण नळाला रोज पाणी येईलच असे नाही. मूळ भिंतींच्या हिशेबात हा भार नव्हता. खाऱ्या हवेने लोखंडी तुळया गंजून फुगतात, गिलावा सुटतो, गळतीने लाकूड कुजते. मुसळधार पावसात सच्छिद्र दगड पाणी पितो आणि जड होतो. पुष्कळदा इमारत कोसळते ती पाऊस थांबून ऊन पडल्यावर. अशा गल्लीत सज्जाखालून न जाता रस्त्याच्या मधून चालावे.

खरा वादाचा निर्णय 1993 चा. सोव्हिएत मदत आटली होती, तिजोरीत पैसा नव्हता. तेव्हा जुन्या शहराची देखभाल करणाऱ्या कार्यालयाला स्वतःची हॉटेले, उपाहारगृहे आणि दुकाने चालवण्याची, परिसरातल्या व्यवसायांकडून कर घेण्याची आणि मिळकत तिथेच खर्च करण्याची मुभा मिळाली. पर्यटकाचा डॉलर थेट दुरुस्तीला लागू लागला. व्हिएहा चौकाच्या पोटात 1952 मध्ये बांधलेला भूमिगत वाहनतळ उखडून चौक पूर्ववत झाला. बेलेनच्या जुन्या मठात वृद्धांसाठी सोय झाली. केंद्रीय अंदाजपत्रकाची वाट पाहिली असती तर यातले फारसे काही झाले नसते.

आक्षेपही खोटे नाहीत. कमाई जिथे होणार तिथेच आधी दुरुस्ती, म्हणून चौक उजळले आणि मागच्या गल्ल्या ताटकळल्या. नीट मापाची घरे केली की पूर्वीइतकी बिऱ्हाडे त्याच इमारतीत मावत नाहीत. उरलेल्यांना शहराच्या कडेला जावे लागले. तरी मोठी चूक 1993 ची नव्हे, 2016 ची वाटते. त्या वर्षी ही हॉटेले लष्कराशी संलग्न उद्योगसमूहाकडे गेली आणि कमाई व दुरुस्ती यांची सांगड सुटली. पुढे 2020 मध्ये पर्यटनच थांबले.

जुन्या प्रवासवर्णनांतल्या किमतींवर मात्र विसंबू नये. परदेशी पाहुण्यांच्या हाती असायचा तो परिवर्तनीय पेसो, स्थानिकांच्या साधारण 24-25 साध्या पेसोंच्या मोलाचा, 1 जानेवारी 2021 पासून मोडीत निघाला. अशा नोटा कोणी सुट्टे म्हणून देऊ केल्या तर घेऊ नयेत.