माहितीपटाने सरकार पडतं?

‘एक जळजळीत माहितीपट आला की सरकार गेलंच समजा,’ असं ठासून सांगणारे कमी नाहीत. त्यांनी २००४ची अमेरिका आठवावी. दिग्दर्शक मायकल मूर यांचा, तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांच्याविरोधातला माहितीपट ‘फॅरेनहाइट ९/११’ जूनमध्ये लागला आणि तिथे ११ कोटी डॉलरहून जास्त कमावून गेला. माहितीपटाच्या मानाने अफाटच! नोव्हेंबरात बुश पुन्हा निवडून आले.

पात्र मतदारांतलं मतदान आधीच्या निवडणुकीतल्या ५४ वरून ६० टक्क्यांच्या आसपास गेलं खरं. पण इराक युद्ध पेटलेलं, दोन्हीकडचे कार्यकर्ते दारोदार फिरत होते; श्रेय एकट्या सिनेमाला कसं द्यायचं? शिवाय तिकीट काढणारे बरेचसे आधीच बुशवर चिडलेले. त्यांना वादासाठी दारूगोळा मिळाला: ११ सप्टेंबर २००१च्या हल्ल्याची बातमी कानात सांगितल्यावरही फ्लोरिडातल्या शाळेत, मुलांसमोर कित्येक मिनिटं बसून राहिलेले राष्ट्राध्यक्ष.