महाराष्ट्र निसर्ग उद्यान, मुंबई

मुंबईत शीव-वांद्रे जोडरस्त्यालगत, धारावीच्या उत्तर कडेला मिठी नदीच्या काठी वसलेले सुमारे 37 एकरांचे मानवनिर्मित जंगल. ‘माहीम नेचर पार्क’ या नावानेही ते ओळखले जाते. नाव उद्यानाचे असले, तरी हिरवळ, कारंजी आणि पाळणे यांची अपेक्षा ठेवून येणाऱ्याला येथे त्यांपैकी काही आढळत नाही.

या जागी पूर्वी शहराचा कचरा टाकला जात असे. ती कचराभूमी 1970च्या दशकात बंद झाल्यावर तेथे निसर्ग उद्यान करण्याची कल्पना वर्ल्ड वाइड फंड फॉर नेचर–इंडिया या संस्थेने मांडली आणि मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने ती प्रत्यक्षात आणली. पहिले झाड 1983 मध्ये पक्षितज्ज्ञ सलीम अली यांच्या हस्ते लावण्यात आले. उद्यान लोकांसाठी खुले झाले ते 1994 मध्ये. मधली अकरा वर्षे जमीन घडवण्यात गेली, कारण कुजत्या कचऱ्यातून वायू निघत राहतो, भराव खचतो आणि मुळांना धरायला माती नसते. त्यामुळे बाहेरून माती आणून पसरावी लागली आणि अशा जमिनीत तग धरतील अशी झाडे लावावी लागली.

उद्यानाची नदीकडील बाजू विशेष महत्त्वाची आहे. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यातून वाहणारी मिठी येथून पुढे माहीमच्या खाडीला मिळते, त्यामुळे काठावर दिवसातून दोनदा भरतीचे खारे पाणी चढते आणि तिवरांची दाटी टिकून राहते. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलात बगळ्यांना चारा मिळतो, तर आतील झाडी त्यांना व इतर पक्ष्यांना आसरा देते. खारफुटी आणि झाडी अशा एकमेकींना लागून असल्यानेच एवढ्या लहान जागेत शंभराहून अधिक जातींचे पक्षी नोंदले गेले आहेत. फुलपाखरांसाठी केवळ फुलझाडे पुरत नाहीत. अळ्यांची खाद्यवनस्पतीही जवळ लागते, जशी बिबळ्या कडवा या फुलपाखराला रुई. शोभेच्या बागेत रुई तण म्हणून उपटली जाते, हे येथे ध्यानात घ्यावे.

पावसाचे पाणी साठवणारे तळे, रोपवाटिका व शिक्षण केंद्र ही उद्यानाची अन्य अंगे होत. मिठीतील सांडपाणी आणि भरतीबरोबर खारफुटीत अडकणारे प्लॅस्टिक मात्र कुंपणाने अडत नाही.