दिवसभर मजुरी, संध्याकाळी वल्हं

केरळमधल्या आलप्पुळ्याच्या पुन्नमडा तलावातली नेहरू ट्रॉफी नौकाशर्यत 1952 साली पंडित नेहरूंच्या भेटीच्या निमित्ताने सुरू झाली. 100 फुटांहून लांब चुंडन वळ्ळम, म्हणजे सापासारखी निमुळती नाव, तिच्यात ऐंशी-नव्वद वल्हेकरी, आणि जिंकणारी नाव साधारण साडेचार मिनिटांत पार. या वल्हेकऱ्यांत जवळच्या कुट्टनाड भागातले शेतमजूर असतात, मासेमार आणि बांधकामावरचे कामगारही असतात. रोज अंगमेहनत करणाऱ्याला वेगळा सराव कशाला, असं कुणालाही वाटेल. पण कष्टाने काटक झालेलं शरीर शर्यतीसाठी तयार असतंच असं नाही.

साडेचार मिनिटांच्या जोरात सुमारे तीन चतुर्थांश ऊर्जा ऑक्सिजनवर तयार होते. त्यासाठी हृदयाची ताकद वाढायला हवी, आणि ती वाढते थोडा वेळ नाडी भरपूर चढवून मग पुरता विसावा दिला की. पोती वाहताना, चिखलात वाकून काम करताना नाडी तेवढी चढत नाही, पण दिवसभर नीट उतरतही नाही. डेन्मार्कचे संशोधक आंद्रेआस होल्टरमन हेच सांगत आले आहेत: व्यायामाने हृदयाला जो फायदा होतो, तो मजुरीच्या कष्टातून मिळतोच असं नाही.

आता थकव्याचा हिशोब मांडून पाहू. अमेरिकी शरीरक्रियातज्ज्ञ कार्ल फॉस्टर यांची पद्धत अगदी साधी आहे. श्रम किती जड वाटले त्याला 0 ते 10 पैकी गुण द्यायचे आणि मिनिटांनी गुणायचं. तासभर जोरदार वल्हवलं, 7 गुण, तर भार 420. आठ तासांची मजुरी 3 गुणांची धरली, तरी 1,440! शर्यतीआधीचे दोन आठवडे सराव जवळपास निम्मा करावा, वेग मात्र तोच ठेवावा, असं क्रीडाविज्ञान सांगतं. मजुराने सराव निम्मा केला, तर त्याचा दिवसाचा भार 1,860 वरून 1,650 वर येतो. जेमतेम 11 टक्के घट. विश्रांती कुठे मिळाली?

हा थकवा नावेत लगेच दिसतो. सिमेंटच्या गोण्या उचलून कंबर भरून आली की धड स्थिर राहत नाही, ओढ खांद्यांवर येते, वल्हं क्षणभर उशिरा पाण्यात पडतं. सगळ्यांची वल्ही एका तालात पडायला हवीत, तिथे हा क्षण महाग पडतो.

म्हणून मोठे क्लब शिबिरं भरवतात, राहण्या-जेवणाची सोय करतात, ते मला फार शहाणपणाचं वाटतं. ज्यांना काम सोडणं परवडत नाही, त्यांनी मुकादमाला सांगून शेवटचे आठ-दहा दिवस ओझ्याऐवजी हलकं काम मागून घ्यावं. कामावरून आल्या आल्या पोटभर भात खावा, कारण स्नायूंमधला रिकामा झालेला साखरेचा साठा पुन्हा भरायला जवळपास अख्खा दिवस लागतो.