ऑनलाइन घेतलेली वस्तू सदोष निघाली? तक्रार सोलापुरातच करता येते

वस्तू बिघडलेली निघाली आणि ॲपवर ‘रिटर्न उपलब्ध नाही’ असं दिसलं, की बरीच माणसं नाद सोडून देतात. सोडू नका. ई-कॉमर्स नियम, 2020 प्रमाणे सदोष किंवा जाहिरातीपेक्षा वेगळी निघालेली वस्तू परत घ्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही. कंपनीची पॉलिसी नियमापेक्षा मोठी नाही.

आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी कळवा. त्यानं 48 तासांत पोच आणि महिनाभरात निकाल द्यायचा असतो. दाद लागली नाही तर 1915 वर फोन करा. ही हेल्पलाइन मोफत आहे, मात्र ती मध्यस्थी करते, आदेश देत नाही.

आदेश देतो जिल्हा ग्राहक आयोग. विक्रेता गुरुग्रामचा असो की सुरतेचा, 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार चालते. म्हणजे बार्शी-अक्कलकोटच्या माणसालाही सोलापूरचाच आयोग. घटनेपासून 2 वर्षांच्या आत अर्ज करायचा. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. अर्ज ई-जागृती पोर्टलवरूनही करता येतो.

तक्रार कोण करू शकतं, इथं घोळ होतो. पुन्हा विकण्यासाठी घेतलेला माल यात बसत नाही. पण घरी युनिफॉर्म शिवून पोट भरणाऱ्या बाईनं स्वतः चालवायला घेतलेलं शिलाई मशीन बसतं. मुलाच्या खात्यावरून मागवलेली वस्तू त्याच्या संमतीनं आई वापरत असेल, तर तीही ग्राहकच.

कागदपत्रांत बिल, पैसे भरल्याचा पुरावा, दोष दाखवणारे फोटो किंवा व्हिडिओ, कंपनीशी झालेले मेल आणि चॅट, पत्त्याचा पुरावा आणि प्रतिज्ञापत्र लागतं. खोकं मात्र लगेच टाकू नका. त्यावरच्या लेबलवर बारीक अक्षरात खऱ्या विक्रेत्याचं नाव-पत्ता सापडतो. तो बहुतेकदा ॲपवाल्या कंपनीपेक्षा वेगळा असतो. बिलाशी ताडून पाहा आणि शक्यतो दोघांनाही विरुद्ध पक्ष करा, नाहीतर दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात.

अर्जात मागणी नेमकी लिहा: वस्तू बदलून हवी की पैसे परत, शिवाय नुकसानभरपाई आणि खर्च किती. कायद्यात विरुद्ध पक्षाला नोटीस मिळाल्यापासून 3 महिन्यांची, आणि वस्तूची प्रयोगशाळेत तपासणी लागली तर 5 महिन्यांची मुदत निकालासाठी सांगितली आहे. प्रत्यक्षात तारखा लांबतात, म्हणून बिघडलेली वस्तू तोवर जपून ठेवा.